मैत्रिणीच्या सायकलवरचे आठ दिवस

मी साताऱ्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. गेल्या वर्षी परीक्षांच्या आधीच्या दिवसांत माझं वर्गात धड लक्षच नसायचं. फळ्यावर पठाराचा छेद काढायला घ्यावा, खडूची रेघ डोंगरमाथ्यावरून दरीत उतरू लागावी, आणि मध्येच मला त्या रेघेवरून एक सायकल अलगद खाली जाताना दिसावी. वर कोण बसलंय ते दिसायचं नाही. नुसती दोन चाकं आणि त्यांचा बारीक आवाज. एकदा तर मी ती रेघ दरीपाशी थांबवलीच नाही, फळ्याची चौकट ओलांडून भिंतीवर नेली. मुली हसल्या तेव्हा भानावर आले.

वय सेहेचाळीस. शाळेत असताना सायकल चालवायचे, पुढे सुटली ती सुटलीच. पण आमच्या गच्चीवरून यवतेश्वरचा घाट दिसतो. सकाळी कपडे वाळत घालताना घाटाच्या वळणांवर सायकलवाले दिसायचे, म्हणजे नुसते ठिपके. एक ठिपका वळणाआड जाई, मी चादर झटकून दोरीवर टाकेपर्यंत तो वरच्या वळणावर उगवे. किती सावकाश आणि किती उंच! ओला कपडा तसाच हातात धरून मी बघत राही. आपणही घ्यायची, हे असं बघता बघताच ठरून गेलं.

पण कुठली घ्यायची ते ठरेना. दुपारी पेपर तपासून झाले की मी फोनवर सायकली बघत बसे. तिथे कळलं की डोंगरात चालवायच्या सायकलींत दोन जाती. एकीला पुढच्या चाकाला शॉकअप असतो आणि मागचं चाक थेट फ्रेमला धरलेलं असतं. तिला हार्डटेल म्हणतात. खड्ड्यात गेलं की पुढचा दणका शॉकअप झेलतो, मागचा आपण. दुसरीला दोन्हीकडे शॉकअप. बघता बघता डोळे जड व्हायचे आणि सायकली एकीत एक मिसळून जायच्या. हिचं हँडल, तिची चाकं, तिसरीचा रंग.

माझे यजमान सैन्यातून निवृत्त झालेले. बावीस वर्षं त्यांनी बर्फातून आणि वाळवंटातून अवजड गाड्या चालवल्या. माझं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "दोनीकडं शॉकअप असलेली घे. तुझी कंबर काय विशीतली हाय व्हय?"

"अहो, पण चढावर ती जड जाते म्हणतात."

"म्हणत्यात म्हणजे कोण? चल, बसून बघ. बसल्याबिगर गाडी घ्यायची न्हाई."

साताऱ्यातल्या एका दुकानात तशी एक सायकल होती. मागच्या गल्लीत मी ती चालवून पाहिली. गादीवर बसल्यासारखं वाटलं. खडी आली, गटाराच्या झाकणाचा उंचवटा आला, काही कळलंच नाही. पण गल्लीच्या टोकाला चढ होता, तिथे मी पायडल मारलं की सायकल खाली बसे, मारलं की खाली बसे. माझा निम्मा जोर कुणीतरी वाटेतच खाऊन टाकत होतं. शिवाय एक गोष्ट मला कुणाला सांगता येईना. त्या सायकलवर रस्ता लांब गेला होता. मी रस्त्यावर होते, पण रस्ता माझ्यापर्यंत येत नव्हता.

"कशी हाय?" यजमानांनी विचारलं.

"छान आहे," मी म्हणाले, आणि आम्ही काही न ठरवता घरी आलो.

त्या रविवारी मी तासगावला माझ्या मैत्रिणीला फोन केला. मीही मूळची तासगावची. आम्ही दोघी पाचवीपासून एका बाकावर. मी लग्न होऊन साताऱ्याला आले, ती गावातच दिली. जैन घरातली, आणि सासरही जैनांचंच. द्राक्षाच्या बागा आणि बेदाणा वाळवायची शेड. चाळिशी ओलांडल्यावर तिनं एक दिवस सांगलीहून हार्डटेल आणली आणि सलवार-कमीज घालून बागांच्या रस्त्यानं फिरायला लागली. गावात लय चर्चा झाली. ती तीन वर्षं फिरली. मग एकदा ती फाटकाच्या खांबाला धडकली, महिनाभरानं उभ्या ट्रॅक्टरला. मिरजेला डोळे तपासले तेव्हा कळलं की तिची नजर कडेनं मिटत चालली आहे. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं नाही. नळीतून बघावं तसं. सायकल बंद करा, डॉक्टर म्हणाले. तिनं बंद केली. त्याबद्दल ती कधी फार बोलली नव्हती, आणि मीही विचारलं नव्हतं.

म्हणून तिच्याशी सायकलीचा विषय काढताना मला संकोच वाटत होता. ती मात्र खूश झाली.

"अगं, दुकानात काय कळतंय? माझी हाय की खोलीत उभी. घेऊन जा आठ दिवस. तुझ्या घाटात चालव, मग ठरीव."

"तुला चालेल?"

"चालंल. पण एक काम करायचं. रोज चालवून आलीस की मला फोन करायचा आणि काय काय दिसलं ते सांगायचं."

मे महिन्याची सुट्टी लागली आणि आम्ही तासगावला जाऊन, पुढचं चाक काढून, तिची सायकल आमच्या गाडीत घालून आणली. निळसर करडी, हँडलच्या मुठी तिच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेल्या. मैत्रीण माझ्यापेक्षा चांगली चार बोटं उंच आहे. सीट पार खाली केल्यावर माझे चवडे जेमतेम टेकले. टेकतात ना, मग झालं, असं मी स्वतःला सांगितलं.

पहिल्या दिवशी उजाडताना निघाले. समर्थ मंदिराच्या पुढे घाट सुरू झाला आणि तिसऱ्या वळणाला मी उतरले. थोडं चालवत, थोडं ढकलत यवतेश्वरापर्यंत पोचले. ज्या वळणांवर मी इतके महिने ठिपके बघत होते, तिथे आता मी होते, आणि खाली गावातल्या गच्च्या ठिपक्यांएवढ्या. त्यातली आमची कुठली ते ओळखू येईना. कुणीतरी तिथे कपडे वाळत घालत असेल असं उगीचच वाटत राहिलं, जणू मी दोन ठिकाणी होते.

घरी येऊन मैत्रिणीला फोन केला. वळणं किती, चढ कुठे उभा आहे, उतारावर ब्रेक कसे लागले, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "हे समोरचं झालं. समोरचं मला दिसतंय गं. बाजूचं सांग."

मी आठवायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की मला काहीच आठवत नाही. मी सगळा वेळ पुढच्या चाकाच्या पुढचा चार हात रस्ता बघत गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी बाजूला बघत निघाले. डावीकडे एक माणूस स्कूटरच्या आरशात बघून दाढी करत होता, गालावर फेस, आणि मला बघून त्यानं वस्तऱ्याच्याच हातानं नमस्कार केला. कठड्यावर दोन म्हातारे बसले होते, एक मोठ्यानं पेपर वाचत होता आणि दुसरा प्रत्येक बातमीला "व्हय, व्हय" म्हणत होता. एका ठिकाणी पाण्याचा पाइप गळत होता, त्या एवढ्याशा डबक्यात पाच बुलबुल एकदमच आंघोळीला उतरले होते.

"पाच?" फोनवर मैत्रिणीनं विचारलं.

"पाच. सहावा बाहेर थांबला होता."

"त्याचा नंबर न्हवता," ती म्हणाली आणि खूप वेळ हसली.

मग ते रोजचंच झालं. मी बघायचे आणि दिवसभर ते जपून ठेवायचे. तिसऱ्या दिवशी यवतेश्वरच्या पुढे, कासच्या रस्त्यानं गेले. तिथे रस्ता डोंगराच्या पाठीवरून जातो. डावीकडे खाली उरमोडी धरणाचं पाणी, उजवीकडे कण्हेरचं. उन्हाळ्यानं दोन्ही आटून खोल गेलेली, काठांवर मातीच्या रेघा एकाखाली एक, पाणी पायऱ्या उतरत गेल्यासारख्या. वारा नव्हता. मी मधून चालले होते आणि दोन्ही बाजूंना आभाळ खाली पडलेलं होतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पाय आपोआप फिरत होते, आणि मला वाटत होतं की सायकल एका जागीच उभी आहे आणि डोंगरच सावकाश मागे सरकतोय. करवंदाच्या जाळ्या दोन्ही हातांना लागतील इतक्या जवळ आल्या होत्या. मैत्रिणीनं फोनवर पहिलंच विचारलं, "पिकली का?"

"अजून निम्मी हिरवीच."

"आठ दिवसांनी पिकतील," ती म्हणाली. "वास आला असंल बघ." आणि खरंच आला होता, पण तिनं म्हणेपर्यंत तो माझ्या ध्यानात नव्हता.

चौथ्या दिवशी मी डांबरी रस्ता सोडून एका वाडीकडे जाणाऱ्या मुरमाच्या वाटेनं उतरले. सुरुवातीला दात वाजायला लागले. मागच्या चाकाखालचा प्रत्येक धोंडा थेट कंबरेत येत होता, आणि यजमान म्हणत होते तेच खरं, असं वाटलं. सायकल देतानाच मैत्रिणीनं एक गोष्ट बजावली होती: "खडकाळ आलं की बूड उचल आणि गुडघं सैल सोड. बसून ऱ्हाऊ नको गोणीसारखी." मी पायडलांवर उभी राहिले. गुडघे सैल सोडले. आणि एकदम सगळं शांत झालं. सायकल माझ्याखाली उड्या मारत होती, मी मात्र वर तरंगत होते. मागचं चाक बोलायला लागलं. आता मुरूम, आता वाळू, हे झाडाचं मूळ, ही शेणाची वाळलेली गोवरी. दुकानातल्या त्या गादीसारख्या सायकलवर जे मला सापडलं नव्हतं ते हेच. वाडीच्या पारावर पाणी प्यायला थांबले तेव्हा माझ्यापुरतं ठरलं होतं. हार्डटेलच.

पण त्याच दिवशी घरी आल्यावर भाकरी थापताना डाव्या हाताची करंगळी बधिर असल्याचं कळलं. मान वळत नव्हती. यजमान बघत होते.

"तुला मोठी पडतीय ती," ते म्हणाले. "हात किती ताणून धरतीस."

"होईल सवय."

"सवय तुला व्हईल. सायकल हाय तेवढीच ऱ्हाणार."

मैत्रिणीला मी हे सांगितलं नाही. तिनं विचारलं, "सायकल बरी हाय न्हवं?" मी म्हणाले, "फार छान आहे." ते खोटंही नव्हतं.

सहाव्या दिवशी मी तिला एका मोराबद्दल सांगत होते. तो रस्त्याकडेच्या बांधावर उभा होता आणि मी शेजारून गेले तरी हलला नव्हता. माझं सांगून झालं. ती म्हणाली, "आता परत आणू नको. ती तूच ठीव. लोकाला विकायचं मन व्हईना झालंय. तू ठेवलीस तर माझ्याच घरात हाय असं समजीन."

मी "बघू," म्हणाले आणि फोन ठेवला. पुढचे दोन दिवस मी सायकल चालवली, पण करंगळी आणि मान यांच्याकडेच लक्ष जात राहिलं. यजमानांना विचारलं तर ते म्हणाले, "माझ्याकडनं काय वदवून घेतीस? तुमची दोघींची गोष्ट हाय. पण न्हाई म्हणायचं तर तिच्या समोर बसून म्हण. फोनवर न्हाई."

नवव्या दिवशी आम्ही सायकल घेऊन तासगावला गेलो. यजमान मैत्रिणीच्या मालकांबरोबर नव्या विहिरीचं काम बघायला गेले. आम्ही दोघी शेडमध्ये बसलो. हंगाम संपत आला होता, शेवटच्या काही जाळ्यांवर तेवढा बेदाणा होता. जाळ्यांतून ऊन गाळल्यासारखं खाली पडत होतं, आणि त्या गोडसर वासानं डोळे मिटायला लागले होते. तिची मोठी जाऊ पलीकडे बसून काड्या निवडत होती. उंच, अबोल बाई. माझ्याशी इतक्या वर्षांत चार वाक्यं बोलली असेल.

"मोठी पडते गं मला," मी म्हणाले. "हात बधिर होतात. मी तुला सांगितलं नाही."

मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली. तिला माझा चेहराच तेवढा दिसत असणार, त्याच्या अवतीभवती काही नाही, हे मला तेव्हा जाणवलं.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "शाळेत कवायतीला तू पुढच्या रांगेत असायचीस, मी मागच्या. मला काय कळत न्हाई व्हय? पण वाटलं, बघू, बसंल कदाचित." मग म्हणाली, "रोज सकाळी खोलीत गेलं की ती उभी दिसती. तेवढं नकोसं झालं हुतं."

मी तिचा हात धरला. मग तिनं अचानक विचारलं, "मला एकदा बसीव की. बागेच्या वाटंनं. ती सरळ हाय आणि मला पाठ हाय. तू शेजारनं पळ आणि बाजूचं सांग."

दोन बागांच्या मधून ट्रॅक्टरची वाट जात होती. खरड छाटणी होऊन गेलेली, उघड्या वेलींना पोपटी फुटवे आलेले. तिनं सीट स्वतः चाचपून वर केली, पदर खोचला आणि बसली. सायकल एकदम तिच्या मापाची दिसायला लागली. मी हातभर अंतर ठेवून पळायला लागले.

"सांग!"

"उजवीकडे वेली. फुटवे बोटभर झालेत. डावीकडे ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवल्यात. एक मांजर बसलंय त्यावर."

"कसलं?"

"पिवळं. आता डावीकडे बांध जवळ आला, जरा उजवीकडे घे. बास, बास. आता मोकळं आहे."

ती बागेच्या टोकापर्यंत गेली आणि न पडता थांबली. धापा टाकत मी मागून पोचले. तिचं तोंड उन्हानं आणि आनंदानं लाल झालं होतं. "लय दिवसांनी," एवढंच ती म्हणाली. परत येताना आम्ही सायकल दोन बाजूंनी धरून चालत आलो. शेडच्या दाराशी तिची जाऊ उभी होती. तिनं सगळं बघितलं असावं. ती पदराला हात पुसत सायकलीकडे बघत म्हणाली, "ही मला बसंल का? म्हंजे... मी शिकू का?"

मैत्रिणीनं तिच्याकडे मान पूर्ण वळवून पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, माप घेतल्यासारखं. "आवं, तुमच्यासाठीच केल्यागत हाय की," ती म्हणाली. "उद्यापासनं या. मी शिकविते."

त्या दिवशी मी तिथेच राहिले, यजमान एकटेच साताऱ्याला परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बसनं सांगलीला त्याच दुकानात गेलो, जिथून तिनं तिची सायकल घेतली होती. दुकानदारानं तिला ओळखलं. त्यानं मला भिंतीला टेकून उभं केलं, पायाचं माप घेतलं, हाताचं घेतलं आणि एक लहान फ्रेमची हार्डटेल काढली. मैत्रिणीनं मागचं चाक उचलून फिरवलं आणि कान लावून ऐकलं. फ्रेमच्या जोडांवरून बोटं फिरवली. मग दुकानदाराला म्हणाली, "हिचे हात बघा केवढे हायत. ब्रेकवर बोटं पोचली पायजेत. त्यो आत घ्या." त्यानं तिथल्या तिथे ब्रेक आत घेतला.

दुकानासमोरच्या रस्त्यावर मी एक चक्कर मारली. कोपरं आपोआप सैल वाकली. मान वर करून बघता आलं. एका घराच्या कठड्यावर कुंड्या, दुसऱ्यावर वाळत घातलेले पापड. उतरावंसं वाटेना. परत आले तेव्हा मैत्रीण पायरीवर उभी होती आणि तिला विचारायची गरज पडली नाही.

पण ती दाखवायची सायकल होती. पुढे एकच चक्र आणि मागे दहा गिअर असलेली माझ्या मापाची मागवावी लागणार होती. दुकानदार म्हणाला, "काळी घ्यायची का नारिंगी?"

मी काळी म्हणणार होते. मैत्रीण म्हणाली, "नारिंगी घे. लांबनं येताना मला सापडंल."

"नारिंगी," मी दुकानदाराला सांगितलं.

स्टँडवर तिला तासगावच्या गाडीत बसवून मी साताऱ्याची बस धरली. खिडकीशी जागा मिळाली. कृष्णेच्या पुलावरून जाताना खाली कुणीतरी म्हशी पाण्यात घातल्या होत्या. मग उसाचे मळे, मग पुन्हा उसाचे मळे. झोप नव्हती आणि जागही नव्हती. कुठला रस्ता चढाचा आहे आणि कुठला उताराचा, ते मी डोळे मिटून ओळखत होते आणि बहुतेक बरोबर येत होतं. कऱ्हाड कधी गेलं कळलं नाही. शेजारी बसलेल्या बाईनं माझ्या पायाला हात लावून विचारलं, "ताई, मुंग्या आल्यात व्हय पायाला? सारखं हलवताय."

"नाही हो," मी म्हणाले. "असंच."